चेतापेशीने जगायचे की मरायचे?

मुसोलिनीने १९३८ मध्ये वंशवादी कायदे आणले आणि इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांना, ज्यू म्हणून, विद्यापीठाची दारे बंद झाली. तूरिनच्या राहत्या घरी, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटून त्या कोंबडीच्या अंड्यातले गर्भ तपासू लागल्या. गर्भाचा फुटू पाहणारा अवयव काढून टाकला की त्याच्याकडे जाणाऱ्या चेतापेशी कमी भरतात, हे ठाऊक होते. या पेशी आधी तयार होतात आणि मग मरतात, हे रीटांनी दाखवले. म्हणजे त्यांना जगवणारे काहीतरी त्या अवयवाकडून मिळत असणार.

त्याचा ढळढळीत पुरावा १९५२ मध्ये रिओ दि जानेरोत मिळाला. रीटांनी अमेरिकेहून विमानाने कर्करोगाच्या गाठी असलेले दोन उंदीर नेले होते. गाठीचा तुकडा चेतापेशींच्या पुंजक्याजवळ ठेवताच दिवसभरात पुंजक्याभोवती तंतूंची दाट प्रभावळ उमटली. पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी हा परिणाम घडवणारे प्रथिन सापाच्या विषातून आणि उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळे काढले. हाच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

पण पेशीला हा निरोप कळतो कसा? एनजीएफला पकडणारा, पेशीच्या पृष्ठभागावरचा पी-७५ नावाचा रिसेप्टर (निरोप घेणारे प्रथिन) सापडला, तरी कोडे सुटेना. उत्तर आले कर्करोगाच्या संशोधनातून, आणि या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग तोच. मोठ्या आतड्याच्या गाठीत १९८६ मध्ये एक बिघडलेले जनुक सापडले होते. त्याच्या मूळ, निरोगी रूपातून बनणारे ट्रक-ए नावाचे प्रथिन हेच एनजीएफचे रिसेप्टर, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले.

रचना उलगडली ती नंतर. एनजीएफ म्हणजे दोन सारख्या साखळ्यांची जोडी. तिच्या दोन बाजूंना दोन ट्रक-ए चिकटतात, हे १९९९ आणि २००७ मध्ये या प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रांत दिसले. त्यामुळे पेशीच्या आतली त्यांची टोके जवळ येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि पेशीला जगण्याचा, तंतू वाढवण्याचा संदेश जातो. पी-७५च्या आतल्या भागात असे फॉस्फेट चढवणारे विकर (एन्झाइम) नाही. तिथे आहे मृत्यूचा संदेश देऊ शकणारा तुकडा. प्रथिन तेच, पेशीचे भवितव्य मात्र कोणता रिसेप्टर ते पकडतो यावर बरेचसे ठरते.

ट्रक-एच्या जनुकातला दोष माणसात काय करतो, हे १९९६ मध्ये समजले. अशा मुलांना जन्मापासून वेदना कळत नाहीत आणि घाम येत नाही, कारण वेदना वाहणाऱ्या आणि घर्मग्रंथींना चालवणाऱ्या, दोन्ही चेतापेशी वाढीच्या काळात याच रिसेप्टरच्या आधारावर जगतात.