पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि हायवेवरची गन: सातारा-सांगलीतल्या गाडी चार्जिंगची पार्श्वभूमी

साताऱ्यात किंवा सांगलीत कोणी इलेक्ट्रिक कार घ्यायला निघाले की पहिली चौकशी हायवेवरच्या चार्जरची होते. घरच्या पार्किंगमधल्या पॉइंटची चौकशी गाडी दारात आल्यावर होते. व्हायला हवे उलट. गाडी बहुतेक रात्री घरीच चार्ज होते आणि ज्या पॉइंटवर ती लावली जाते तो गाडीसाठी कधीच बसवलेला नसतो.

आपल्याकडच्या गोल पिनांच्या थ्री-पिनचे मूळ ब्रिटिशांच्या १९३४ च्या प्रमाणात आहे: लहान पिन ५ अँपिअरची, मोठी १५ ची. पुढे भारतीय मानकाने हेच आकडे ६ आणि १६ केले, पण वायरमनच्या तोंडी अजून ‘पंधराचा पॉइंट’च आहे. हा पॉइंट घरात आला तो गिझर आणि पाण्याच्या मोटरसाठी. गिझर वीस मिनिटे चालतो, मग थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. मोटर टाकी भरली की थांबते. सलग नऊ तास पूर्ण करंट ओढणारे उपकरण घरात येईल, हे तो पॉइंट बसवताना कोणाच्या मनातही नव्हते.

या भागात आधी आल्या त्या स्कूटर. २००५-०६ नंतर २५० वॉटची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली, लायसन्स आणि पासिंग न लागणारी लेड-अ‍ॅसिडची स्कूटर बाजारात दिसू लागली. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, २० अँपिअर-अवर, म्हणजे सगळी मिळून जेमतेम एक युनिट वीज. ५ अँपिअरच्या पिनेवर सहा ते आठ तासांत भरायची, वायरिंगला काही त्रास नव्हता. त्रास होता भारनियमनाचा. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली, ती वर्षे ग्रामीण भागात तासन्‌तास वीज जाण्याची होती. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात, साठच्या दशकापासून तिथल्या पाण्यावर वीज तयार होते, तरी जिल्ह्यातली गावे अंधारात असायची. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट भरून तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि तो पुन्हा निघत नाही. रोज अर्धवट चार्ज होणारी स्कूटर वर्षा-दीड वर्षात निम्म्या अंतरावर यायची. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा खात्याने अशा वाहनांना सवलत सुरू केली, ती मार्च २०१२ ला संपली आणि विक्री कोसळली. ‘बॅटरीची गाडी टिकत नाही’ हे मत इथे त्या काळात पक्के झाले. त्यात गाडीइतकाच दोष वेळेवर न येणाऱ्या विजेचा होता.

कारची सुरुवात २००१ ची, बंगळूरच्या रेवापासून. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, साधारण साडेनऊ युनिटे, आणि चार्जिंग घरच्याच पंधराच्या पॉइंटवर. ती मोठ्या शहरांपुरती राहिली, पण घरचा पॉइंट हेच चार्जिंग स्टेशन, ही सवय तिने लावली.

सार्वजनिक चार्जिंगच्या वाटेत आधी कायद्याचा अडसर होता. वीज कायदा २००३ प्रमाणे वीज विकायला परवाना लागतो. मग हॉटेलवाल्याने पैसे घेऊन गाडी चार्ज करून दिली तर ती वीजविक्री का? १३ एप्रिल २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की ही सेवा आहे, विक्री नव्हे, परवाना नको. हायवेवरच्या आजच्या प्रत्येक चार्जरचा पाया हा खुलासा आहे.

त्यानंतर गनांचा, म्हणजे गाडीत लावायच्या चार्जिंग कनेक्टरांचा, गोंधळ झाला. २०१७ मध्ये आपली स्वतःची दोन प्रमाणे आली होती, भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१. पहिल्यात निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटचे ३.३ किलोवॉटचे तीन पॉइंट. दुसऱ्यात १५ किलोवॉटचा चार्जर आणि चिनी धर्तीची गन, त्या वेळच्या ७२ व्होल्टच्या सरकारी गाड्यांसाठी. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकार सक्तीचे केले: सीसीएस आणि चाडेमो या डीसी फास्ट चार्जिंगच्या गन, एसीची टाइप-२ आणि ही दोन भारतीय. एका जागी एवढी यंत्रे बसवायचा खर्च कोणाला परवडणार? ऑक्टोबर २०१९ मध्ये ही सक्ती सैल झाली. तोवर बाजाराने निकाल दिला होता. जुलै २०१९ ची ह्युंदाईची कोना आणि जानेवारी २०२० च्या टाटाची नेक्सॉन व एमजीची झेडएस, तिन्ही कार सीसीएस-२ वर आल्या. आज कारसाठी तीच गन धरायची. कुठे जुना डीसी-००१ दिसला तर नव्या कारला त्याचा उपयोग नाही. स्कूटरचे अजून वेगळे: एथरने आणलेल्या कनेक्टरला भारतीय मानकाची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली, बाकी कंपन्यांचे आपापले चार्जर आहेत.

नेक्सॉनने मात्र आपल्या घरांचे वायरिंग उघडे पाडले. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची, सोबतचा चार्जर ३.३ किलोवॉटचा. २३० व्होल्टला हा १४ अँपिअरहून थोडे जास्त ओढतो, तेही नऊ तासांच्या वर. जुन्या घरात लाकडी बॅटन पट्टीवरची किंवा केसिंगमधली दीड स्क्वेअर एमएमची वायर असते. मीटरपासून पार्किंग २५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर वायर होते. दीडच्या वायरीत त्यावर आठ-साडेआठ व्होल्ट वाटेतच पडतात आणि सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता भिंतीतच जिरते. तीच वायर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची टाकली तर पड सव्वातीन व्होल्टवर येते.

पण वायर जळायच्या आधी सॉकेट जळते. ढिल्या झालेल्या पितळी पत्तीत पिन नीट धरली जात नाही, तिथे ०.१ ओहमचा जरी रोध आला तरी १४ अँपिअरला २० वॉट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे सॉकेटच्या पोटात रात्रभर जवळपास एक आयर्न तापत ठेवल्यासारखे. सकाळी प्लग काढताना पिन हाताला चटका देते, एका पिनेवर काळपट निळी झाक दिसते, सॉकेटच्या भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळे पडते. एवढे दिसले की ते सॉकेट त्याच दिवशी बदलायचे आणि त्यामागची वायर निरोगी तांबे लागेपर्यंत मागे छाटायची. पत्ती पक्कडने आवळून काम भागवू नये. तापलेल्या पितळाची स्प्रिंग गेलेली असते, आठवड्यात ते परत ढिले होते.

घरच्या पॉइंटचे बरोबर साहित्य मोठे नाही: मीटरपासून थेट आणलेली ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची ए टाइप आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच), १६ अँपिअरचे चांगले इंडस्ट्रियल सॉकेट आणि खरे अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड नको, या लाइनीवर दुसरा पॉइंट नको. ७.२ किलोवॉटचा वॉल चार्जर असेल तर करंट ३२ अँपिअरपर्यंत जातो. त्याला ६ स्क्वेअर एमएम, ४० अँपिअरचा एमसीबी आणि आधी मंजूर भार वाढवून घेणे आले. गिझर, मोटर आणि गाडी एकाच वेळी सिंगल फेजवर ओढू नयेत, तिथे थ्री फेज मीटरच घ्यावा.

सर्वात जास्त तक्रारी अर्थिंगच्या. गाडी लावली, केबलमधल्या डब्यावर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होत नाही. चार्जर बिघडला असे समजून लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. चार्जर आपले काम करत असतो, त्याला अर्थ सापडत नसतो. मल्टिमीटरने तीन मापे घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. फेज-अर्थ शंभर-दीडशे दाखवत असेल तर अर्थची वायर कुठेतरी हवेत आहे. काही वायरमन यावर न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग चालू होते, आणि न्यूट्रल कधी तुटला तर गाडीचा पत्रा थेट फेजवर येतो. हा उपाय कोणाकडूनही करून घेऊ नये.

जमिनीचा स्वभावही इथे बघावा लागतो. कृष्णाकाठची काळी जमीन ओली असताना अर्थिंगला उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळून रॉडपासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यात चालणारे चार्जिंग उन्हाळ्यात अडते. खड्ड्याला नळी ठेवून आठवड्याला दोन बादल्या पाणी घातले की फरक पडतो. साताऱ्याच्या पश्चिमेला खडक आणि जांभा, तिथे एक रॉड पुरत नाही. दोन-तीन रॉड अंतराने ठोकून जोडावे लागतात. अर्थचा रोध २० ओहम असेल तर गळती झाल्यावर साडेअकरा अँपिअर वाहतील. त्यावर २० अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही, पत्रा जिवंत राहील. म्हणून आरसीसीबी पाहिजेच. ती ३० मिलिअँपिअरवर तोडते.

मळ्यातल्या वस्तीवर आणखी एक अडचण. शेतीपंपाच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते, बाकी वेळ दिव्यांपुरती सिंगल फेज मिळते आणि डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) टोकाला रात्री व्होल्टेज १८० च्या खाली जाते. चार्जर मधेच सुटतो, परत धरतो. शिवाय पंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणे हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर आहे, आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटर वेगळा घ्यावा.

बिलाचा हिशोब सोपा आहे. महिन्याला हजार किलोमीटर, युनिटला ७ किलोमीटर, आणि चार्जिंगमधली दहा टक्के गळती धरली तर १६० युनिटे. ९० युनिटे जाळणारे घर २५० वर जाते, पण वरच्या टप्प्याचा दर फक्त शंभरच्या पुढच्या युनिटांना लागतो. जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या तत्त्वांनी घरच्याच कनेक्शनवर गाडी चार्ज करायला स्पष्ट मोकळीक दिली. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीजदरात सवलत आहे, त्यामुळे गाडी दिवसा घरी असणाऱ्याने रात्रीची सवय बदलून बघावी.

बाहेरच्या चार्जिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ६० किलोवॉटची पाटी पाहून गाडी त्या वेगाने भरेल असे वाटते. वेग गाडीची बॅटरी ठरवते. जुनी नेक्सॉन २५ किलोवॉटच्या आसपासच घेते आणि ८० टक्क्यांनंतर आणखी हळू. दोन गनांच्या यंत्रावर दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते. चार्जिंग चालूच होत नसेल तर आधी लाल इमर्जन्सी बटण बघावे. कोणी दाबून गेलेले असते, घड्याळाच्या दिशेने फिरवले की वर येते.

आपल्या घाटांचे गणित वेगळे करावे लागते. वाई सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर १३७० च्या आसपास. माणसांसह १७०० किलोच्या गाडीला ही चढण चढायला सपाटीच्या खर्चावर साडेतीन युनिटे जास्त लागतात. बत्तीस किलोमीटरला एकूण आठ युनिटे धरून निघावे. पसरणीचा घाट उतरताना साधारण एक युनिट परत मिळते, पण बॅटरीत जागा असेल तरच. पाचगणीत मुक्कामी रात्रभर लावून १०० टक्के केलेली गाडी घाटात रिजेन (उतारावर मोटरकडून बॅटरीत परत येणारी वीज) घेत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. तिथून ९० टक्क्यांवरच निघावे.

आणि सांगलीत चार्जिंगच्या लाइनीची पेटी किती उंचीवर लावायची हे पुराने ठरवून ठेवले आहे. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. नदीकाठच्या गल्ल्यांत तळमजल्यावर एमसीबीची पेटी बसवू नये, पहिल्या मजल्यावर घेऊन खाली फक्त सॉकेट उतरवावे, वरून लाइन बंद करता येते. पाणी चढण्याचा इशारा आला की गाडी मिरज रस्त्याच्या उंच भागाकडे हलवायची. पुरात बुडालेली गाडी वाळलेली दिसली तरी चार्जला लावायची नाही. कनेक्टरमध्ये आणि पॅकच्या सांध्यात गाळ राहतो, तो तपासून इन्सुलेशन मोजल्याशिवाय प्लग हातात घेऊ नये.