बोटीचं रेलिंग घासायला घेण्याआधी

मेअखेरीस पर्यटकांच्या फेऱ्या थांबल्या की मालवण-तारकर्लीच्या बोटी वर ओढून शाकारल्या जातात, आणि मग नजर जाते डागाळलेल्या रेलिंगकडे. आमच्याकडे येणारा बराच माल गंजापेक्षा चुकीच्या घासणीने बिघडलेला असतो. म्हणून पॉलिशचा दर सांगण्याआधी आम्ही धातू कुठला ते बघतो.

स्टेनलेसमध्येही प्रकार आहेत. समुद्रावर ३१६ नंबरचं स्टील हवं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्याच्या जोरावर ते खाऱ्या पाण्यात टिकतं. ३०४ चालतं, पण सारखं पुसत राहावं लागतं. २०२ हे घराच्या जिन्याचं स्टील, बोटीवर लवकरच तांबूस पडतं. नवं असताना तिन्ही सारखीच चमकतात. लोहचुंबकावर विसंबू नका: चांगला पाइपही वाकवलेल्या जागी चुंबकाला थोडा ओढतो, आणि २०२ बहुधा ओढतच नाही. आम्ही टेस्टिंगच्या रसायनाचा थेंब टाकून स्टील कुठलं ते तुमच्यासमोर दाखवतो. त्याचे पैसे नाहीत.

वरवरचे चहासारखे डाग पॉलिशने जातात. पण बेसप्लेटच्या, म्हणजे रेलिंगचा पाय बोटीला स्क्रूने बसवणाऱ्या पट्टीच्या कडेतून गंजाचा ओघळ येत असेल, तर ती प्लेट उघडलीच पाहिजे. तिच्याखाली खारं पाणी अडकतं, हवा पोचत नाही, स्टीलवरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही आणि धातू आतून खड्डे पडत खाल्ला जातो. बाहेरून आरसा, आत स्क्रूची मान अर्धी झालेली. त्याच रेलिंगला धरून प्रवासी बोटीत चढतात, त्यामुळे प्लेट न उघडता नुसतं चमकवून द्यायचं काम आम्ही घेत नाही.

आमची पद्धत साधी आहे. आधी २४०, ४००, ६०० नंबरचा पेपर, मग सायझलचं (घायपाताच्या धाग्याचं) चाक, शेवटी सुती बफ, म्हणजे मऊ कापडाचं चाक. वेल्डिंगचा निळा-काळा डाग राहू देत नाही, गंज आधी तिथूनच सुरू होतो. त्यानंतर सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन, म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेले लोखंडाचे कण काढून टाकणं. याने चमक वाढत नाही, म्हणून अनेक ठिकाणी हा टप्पा गाळतात. फरक पुढच्या मोसमात कळतो.

क्रोम केलेल्या पितळेचं काम वेगळं. शोभेचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खाली निकेल. पोपडे धरले की घासून काही हाती लागत नाही. जुना मुलामा उतरवून नवा चढवावा लागतो. छोट्या क्लीटसाठी (दोर बांधायच्या खुंटीसाठी) कधी कधी नवीनच स्वस्त पडतं, तसं असेल तर तसं सांगू.

साध्या पितळेवर गुलाबी चट्टे दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय. तो भाग ठिसूळ असतो, बदलावाच लागतो. पितळेवर लॅकर मागितलंत तर मारून देऊ, पण उन्हात ते पिवळं पडून सुटतं. त्यापेक्षा अधूनमधून चिंच किंवा पितांबरी लावून लगेच गोड्या पाण्याने धुतलेलं बरं. क्रोमवर मात्र यातलं काहीही नको.

ॲल्युमिनियमच्या रब रेलवर, म्हणजे बोटीच्या कडेला धक्के झेलणाऱ्या पट्टीवर पांढरी पावडर सुटते, तीही बहुतेक स्टीलच्या स्क्रूभोवतीच. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं. परत बसवताना आम्ही नायलॉन वॉशर आणि इन्सुलेटिंग पेस्ट घालतो. ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने संरक्षक थर चढवणं, बाहेरून करून आणतो, त्यामुळे हातात वेळ ठेवा.

तोवर घरी तारेची घासणी, संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर या तीन वस्तू बोटीपासून लांब ठेवा. तारेचे तुकडे स्टीलमध्ये रुततात आणि तेच गंजतात.

रेलिंगचा दर रनिंग फुटावर, बाकीचा नगावर. सप्टेंबरला बोट पाण्यात हवी असेल तर माल जूनमध्येच द्या, गणपतीच्या तोंडावर घाईचं काम घेणार नाही. गंजून घट्ट बसलेले स्क्रू काढताना तुटतात, त्यांचे पैसे वेगळे. सीलंट मात्र नवंच भरून देतो, ते दरातच धरलेलं आहे.