नेट मधूनच स्लो होतंय? बॉक्स बंद करण्याआधी हे वाचा

नेट पूर्ण बंद पडलं तर बिघाड लवकर सापडतो. अवघड असतं ते दिवसभर नीट चालून मधेच अडखळणारं कनेक्शन. तुम्हाला नेट पुरवणारे आम्ही; आमचा माणूस घरी येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं आणि संध्याकाळी मुलांचा क्लास पुन्हा अडकतो. म्हणून आमची कळकळीची विनंती: नेट अडखळलं की लगेच बॉक्स (ज्यात फायबरची वायर येते, तो नेटचा डबा) बंद-चालू करू नका. त्याने थोडा वेळ बरं चालेल, पण बिघाडाची खूण पुसली जाते. बऱ्याच बॉक्समधली अंतर्गत नोंदही रीस्टार्ट केल्यावर जाते.

आधी दिवे पाहा

‘पॉन’चा (फायबरची जोडणी दाखवणारा) दिवा स्थिर हवा. तो लुकलुकत असेल किंवा ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून, प्रकाश बहुधा पुरेसा पोचत नाही. मोबाइलवर फोटो काढून आम्हाला पाठवा. मग भिंतीपासून बॉक्सपर्यंतची बारीक वायर नजरेखालून घाला. ती कपाटामागे चेपली असेल किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळली असेल, तर आतली काच न तुटताही प्रकाश वळणावर बाहेर गळतो. वायर हळूच मोकळी करा. मात्र तिचं टोक बॉक्समधून काढू नका आणि सुटलंच तर त्यात डोकावू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण तो चालू असतो.

पावसात किंवा जोराच्या वाऱ्यातच नेट अडखळतं का, हेही आठवून सांगा. बाहेर वायरी जोडलेल्या जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं, नाहीतर दोन इमारतींमधली वायर हेलकावे खात असते. गणपतीत मंडप घालताना वायर ओढली गेल्यावरही असंच होतं. ही दुरुस्ती आमच्याकडची.

दिवे ठीक, तरी स्लो

लॅपटॉप लॅन वायरने थेट बॉक्सला जोडा, बाकीची उपकरणं थोडा वेळ बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉप नसेल तर बॉक्सशेजारी उभं राहून मोबाइलवर करा. आकडा वाचताना एवढं ध्यानात असू द्या: १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरते, कारण ८ बिट मिळून एक बाइट होतो. त्याच्या आसपास उतरत असेल तर लाइन चांगली आहे.

बॉक्सजवळ वेग नीट आणि आतल्या खोलीत रडकथा, तर दोष वायफायचा. वायफायचे नेहमीचे लहरींचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांब जातं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल (त्या पट्ट्यातल्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत प्रत्येक घरात राउटर असल्यावर ते तुंबतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे जेवण गरम करताना व्हिडिओ कॉल तुटणं हा भास नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतींपलीकडे क्षीण होतं. टीव्हीच्या कपाटात किंवा लोखंडी कपाटामागे राउटर ठेवू नका. घराच्या मध्यभागी, उंचावर, उघडा ठेवा.

एक कारण हमखास निसटतं. घरातला एखादा मोबाइल गुपचूप शेकडो फोटोंचा बॅकअप घेत असतो. अपलोडची वाट भरली की डाउनलोडच्या पोचपावत्याही (डेटा मिळाला असं कळवणारे छोटे संदेश) त्याच रांगेत अडकतात आणि सगळ्यांचंच नेट रखडतं. बॅकअप रात्री उशिरा लावा.

रोज रात्री ८ ते ११ मध्येच स्लो

लॅन वायरवरही याच वेळात वेग पडत असेल, तर आमच्या बाजूच्या लाइनवर गर्दी झाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मोठा प्लॅन घेऊ नका. पैसे जातील आणि रात्रीचा वेग तोच राहील. आम्हाला सांगा, त्या भागाचा भार आम्हालाच विभागावा लागतो. (महिनाअखेरीस वेग एकदम पडून तसाच राहिला, तर डेटाची मर्यादा संपली का ते आधी बघा.)

तक्रार करताना ग्राहक क्रमांक, नेट अडखळल्याची वेळ, दिव्यांचा फोटो आणि लॅन वायरवरचा व वायफायवरचा वेग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. दोन-तीन दिवसांच्या वेळा लिहिलेल्या असतील तर फारच उत्तम. त्या वेळा जुळवून टेक्निशियनला नेमका त्याच सुमारास तुमच्याकडे पाठवता येतो.