‘पाणी येते’ आणि ‘पाणी यावे’ : स्पॅनिशमधील सब्जंक्टिव्ह

जून अर्धा सरतो, कापसाचे बियाणे घरात येऊन पडलेले असते आणि वर्धा-यवतमाळकडच्या गावांत बोलणे कुठूनही निघाले तरी पावसावर येऊन थांबते. विदर्भात पावसाला सर्रास ‘पाणी’ म्हणतात. ‘पाणी येते’, ‘पाणी यावे’, ‘पाणी येवो’, ‘पाणी आले की पेरू’ ही वाक्ये एकाच ओसरीवर ऐकू येतात. पहिल्यात बोलणारा वस्तुस्थिती सांगतो. उरलेल्या तिन्हींत पाणी अजून त्याच्या इच्छेत किंवा बेतात आहे. या छटांसाठी मराठीने निरनिराळी रूपे वापरली, तर स्पॅनिशने त्या सगळ्यांसाठी एकच रूपावली राखली. तिला सब्जंक्टिव्ह म्हणतात. शिकणारे येथे अडखळतात, कारण ही रूपावली त्यांना काळांच्या धड्यांसोबत भेटते. सब्जंक्टिव्ह हा काळ नव्हे. मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे क्रियापदाचे ‘अर्थ’ सांगितले आहेत, त्यांच्या पंक्तीत त्याला बसवले की पुढचे बरेच सोपे होते.

रूप बनवण्याची रीत नेमकी आहे. वर्तमानकाळातील ‘मी’चे रूप घ्यावे, शेवटचा ‘ओ’ काढावा आणि उलटा स्वर लावावा : क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘ए’, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपत असेल तर ‘आ’. आब्लार म्हणजे बोलणे; त्याची रूपे आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. कोमेर म्हणजे खाणे. त्याची कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. सुरुवात ‘मी’पासूनच करायची, कारण तेनेर (जवळ असणे) याचे ‘मी’चे रूप तेंगो होते आणि त्यातला ‘ग’ तेंगा, तेंगास असा सर्वत्र टिकतो. अपवाद म्हणून सहा क्रियापदांची रूपे पाठ करायला सांगतात : सेआ, एस्ते, वाया, आया, सेपा, दे. या सहांना बांधणारा धागा मात्र क्वचितच दाखवला जातो. त्यांची ‘मी’ची रूपे सोय, एस्तोय, वोय, ए, से, दोय अशी आहेत; एकही ‘ओ’ने संपत नाही, म्हणून वरची रीत तेथे लागूच होत नाही. केरेर (हवे असणे) याचे किएरा होते, पण ‘आम्ही’साठी केरामोस, हे सवयीने जमते.

स्वरांची ही अदलाबदल लॅटिनमधून आली. लॅटिनमध्ये आमात (तो प्रेम करतो) याचे आमेत, तर लेगित (तो वाचतो) याचे लेगात होत असे. स्पॅनिशमधील आमे आणि लेआ ही त्यांचीच वंशज आहेत. जुन्या लॅटिनमधील सिएत आणि संस्कृतातील ‘स्यात्’ यांचे मूळ एकच आहे, हे समजल्यावर या व्याकरणाबद्दल मला विलक्षण जवळीक वाटू लागली. आपल्या ‘यावे’, ‘करावे’ यांचा वंश मात्र वेगळा, ‘कर्तव्य’ शब्दातील ‘तव्य’ प्रत्ययाचा.

आता वापर. योवेर म्हणजे पाऊस पडणे. त्याचे साधे रूप युएवे आणि सब्जंक्टिव्ह युएवा. ‘पाणी येवो’साठी ओहाला युएवा. ओहाला हा शब्द स्पेनमधील अरबीतून आला असून मूळ अर्थ ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ असा आहे. त्यामागे सब्जंक्टिव्हच येतो. ‘पाणी आले की पेरू’ येथे आपण न आलेल्या पाण्यासाठी बेधडक ‘आले’ वापरतो. स्पॅनिशमध्ये असे चालत नाही : दरवर्षीचा रिवाज सांगायचा तर क्वांदो युएवे, यंदाचा बेत सांगायचा तर क्वांदो युएवा. ‘पाणी येईल असे वाटते’ आणि ‘पाणी येईल असे वाटत नाही’ या दोन्हींत आपले ‘येईल’ जागचे हलत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी क्रेओ के योवेरा (योवेरा हा साधा भविष्यकाळ), पण दुसऱ्यासाठी नो क्रेओ के युएवा.

याहून बारीक भेद माणूस शोधताना दिसतो. ‘डवरा चालवता येणारा सालदार शोधतो आहे’ या वाक्यावरून तो माणूस ठरलेला आहे की कोणीही चालेल, हे कळत नाही. स्पॅनिशमध्ये त्याच घडणीच्या वाक्यात, ठरलेल्या माणसासाठी ‘साबेर’ (येणे, जाणणे) या क्रियापदाचे साबे हे रूप येते आणि कोणीही चालणार असेल तर सेपा.

म्हणून ‘सब्जंक्टिव्ह म्हणजे शंका’ ही प्रचलित व्याख्या मला अपुरी वाटते. मे आलेग्रो दे के युएवा, म्हणजे ‘पाणी येत आहे याचा मला आनंद आहे’, हे वाक्य अंगावर सरी घेत वावरात उभा असलेला माणूसही म्हणू शकतो. शंकेला जागा नसूनही रूप युएवाच आहे. तो येथे पावसाची बातमी देत नसून आपला आनंद सांगतो आहे; पाऊस बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक आहे. बोलणारा जे स्वतःचे विधान म्हणून मांडत नाही, ते सब्जंक्टिव्हमध्ये जाते.

आज्ञेतही हीच रूपे कामी येतात. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना आपण ‘यावे, बसावे’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये उस्तेद, म्हणजे आदरार्थी ‘आपण’, यांना ‘आत या’ म्हणताना पासे म्हणतात, आणि तो पासार या क्रियापदाचा सब्जंक्टिव्हच आहे. लहानग्याला ‘खा’ म्हणायचे तर कोमे हे साधे रूप चालते. ‘खाऊ नको’ म्हणताना मात्र नो कोमास.