गटाराच्या दाराबाहेरचा उजेड

खेळाची सुरुवात तुरुंगात होते. कैदी भुयारी गटारांतून वाट काढत शेवटच्या दाराशी पोहोचतो आणि ते उघडताच समोर तळे, पलीकडे पडके अवशेष आणि मोकळे आकाश दिसते. २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ या रोल-प्लेइंग गेममधला हा क्षण चाहते विसरलेले नाहीत. २२ एप्रिल २०२५ रोजी आलेल्या त्याच्या रीमास्टर आवृत्तीत मात्र स्टीम डेकसारख्या हँडहेल्ड कन्सोलची परीक्षा याच दाराबाहेर सुरू होते. भुयारात बऱ्यापैकी सुरळीत चाललेले चित्र बाहेर पडताच अडखळू लागते.

या आवृत्तीत दोन इंजिने, म्हणजे खेळ चालवणारी मूळ सॉफ्टवेअर, एकाच वेळी राबतात. कोणता गावकरी कुठे निघाला, तलवारीचा घाव कितपत बसला, हा हिशेब जुनेच इंजिन ठेवते, तर डोळ्यांना दिसणारे सारे अनरियल इंजिन ५ रंगवते. त्यातील ‘ल्यूमेन’ ही प्रणाली भिंतीवर, गवतावर आपटून परतणारा उजेड सतत नव्याने मोजते. भुयारात भिंती नजर अडवतात, म्हणून काम आटोक्यात राहते. उघड्यावर क्षितिजापर्यंतची झाडी आणि दिवसभर सरकणारा सूर्य यांचा हिशेब करावा लागतो.

त्यासाठी स्टीम डेकच्या चिपला जास्तीत जास्त १५ वॅट मिळतात. प्रोसेसरचे चार कोर आणि ग्राफिक्सचा भाग यांनी तेवढ्यातच वाटणी करायची असल्याने जुन्या इंजिनाने जास्त वीज ओढली की चित्र रंगवणाऱ्याच्या वाट्याला कमी येते. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सलग चित्रे, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवी.

पडदा लहान असल्याचा इथे फायदा होतो. १२८० × ८०० म्हणजे सुमारे १० लाख पिक्सेल, फोर-के पडद्याच्या जेमतेम एक-अष्टमांश. त्यातही एफएसआर हे तंत्र वापरून ६४० × ४०० चे चित्र रंगवून उरलेला तपशील आधीच्या फ्रेममधून भरून काढता येतो. तेव्हा गवताची पाती आणि केसांच्या कडा लुकलुकतात, पण सात इंची पडद्यावर डोळा ते चालवून घेतो.

सरासरीचा आकडा मात्र फसवा असतो. एका सेकंदात २९ फ्रेम ३० मिलिसेकंदांच्या आणि एकच १३० ची असेल, तरी सरासरी सेकंदाला ३० फ्रेमचीच भरते. हाताला मात्र तो एक हिसका जाणवतोच. धावताना पुढचा भूभाग मेमरीत भरला जातो, तेव्हा असे हिसके बसतात. स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने या खेळाला दिलेला ‘व्हेरिफाइड’, म्हणजे या यंत्रावर नीट चालतो असा, शिक्का म्हणूनच मला जरा उदार हाताने मारलेला वाटतो.

पडदा, मेमरी आणि पंखा धरून पूर्ण यंत्र २५ वॅट खात असेल, तर एलसीडी मॉडेलची ४० वॅट-तासांची बॅटरी दीड तासाच्या थोडे पुढे जाऊन संपते.