बैलासाठी घडलेल्या गाई

देवणी आणि कंधार या दोन गावांमधलं अंतर नकाशावर पट्टी लावून मोजलं तर 70 किलोमीटरच्या आसपास भरतं. एक लातूर जिल्ह्यात, दुसरं नांदेड जिल्ह्यात. जमीन दोन्हीकडे बरीचशी काळी, पाऊस सारखाच बेभरवशाचा, दावणीला कडबाही तोच ज्वारीचा. तरीही या दोन गावांच्या नावानं गाईबैलांच्या दोन वेगळ्या जाती ओळखल्या जातात. देवणी पांढरी-काळी, लाल कंधारी अंगभर तांबडी. इतक्या जवळ राहून त्या एकमेकींत मिसळून का गेल्या नाहीत?

जात म्हणजे प्रजाती नव्हे, हे आधी सांगायला हवं. देवणी गाईला कंधारी वळू दाखवला किंवा युरोपातल्या दुधाळ होल्स्टिन जातीचं वीर्य भरलं, तरी वासरू होतंच, आणि कालवड झाली तर ती पुढे व्यवस्थित गाभणही राहते. म्हणजे जातीजातींमधलं कुंपण निसर्गानं घातलेलं नाही, ते माणसानं घातलं. गावात गाई शेकडो, वळू मात्र एक किंवा दोन. बाकीचे खोंड वेळेवर बडवून, म्हणजे खच्ची करून, औताला जुंपले जात. पुढच्या पिढीचा बाप कोण, हे त्यामुळे गावच्या पसंतीवर ठरायचं. कंधारकडे तांबडा वळू राखला जायचा, देवणीकडे पांढरा-काळा. गाईची एक पिढी चार-पाच वर्षांची धरली तर माणसाच्या एका आयुष्यात पंधरा पिढ्या सहज होतात. एवढ्यात रंग, कान, कपाळ, बांधा सगळं एका साच्यात बसतं.

देवणीच्या घडणीत स्थानिक गाईंबरोबर गीर आणि डांगी या जातींचं रक्त आहे असं मानलं जातं, आणि ते तिच्या तोंडावर दिसतंही. फुगीर कपाळ आणि लोंबते कान थेट गुजरातच्या गीरची आठवण करून देतात. देवणीत तीन प्रकार सांगतात. वानेऱ्याचं अंग पांढरं स्वच्छ, काळेपणा फक्त तोंडाच्या दोन्ही बाजूंना. बालंक्याही पांढराच, पण काळे ठिपके पोटाकडच्या, खालच्या अंगाला. शेवऱ्याच्या अंगावर मात्र काळे डाग कुठेही, कसेही पसरलेले. तिन्ही एकाच जातीची पोरं, पण गिऱ्हाईक वानेऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबतं. कर्नाटकातल्या बीदरकडच्या पट्ट्यातही हेच जनावर आहे, कारण जाती जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या हद्दी पाळत नाहीत.

लाल कंधारी देवणीपेक्षा आटोपशीर बांध्याची. रंग गडद तांबड्यापासून तपकिरीकडे झुकणारा, कान लांब, डोळ्यांभोवती काळी कड. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजानं या जातीला आश्रय दिला, असं तिच्याविषयीच्या माहितीत ठिकठिकाणी छापलेलं असतं. ऐकायला गोड आहे, पण दंतकथा म्हणूनच घ्यावं.

आता बाजारात जाऊ. हाळी हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची खंडोबाची यात्रा, बैल घेणारा माणूस आधी काय बघतो? दात. एका हातानं वेसण धरून दुसऱ्या हातानं खालचा ओठ दाबतो. गाईबैलांना समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वरच्या बाजूला नुसती टणक हिरडी. दुधाचे दात बारीक आणि अरुंद, पक्के दात फावड्यासारखे रुंद, त्यामुळे फरक लगेच कळतो. मधली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांनी बदलली की खोंड दोन दाती झाला. मग चार दाती, सहा दाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमाराला आठही पक्के आले की बैल जुळला. त्यानंतर दात झिजण्यावरून अंदाज बांधायचा, आणि तिथं दलालाचं वय-गणित गिऱ्हाइकाच्या गणिताशी जुळेलच असं नाही. दात झाले की हात वशिंडावर, म्हणजे खांद्यावरच्या उंचवट्यावर जातो, मग खुरांकडे नजर, मग बैल चालवून बघायचा. पाय फेकतो कसा, मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या जागी पडतं का. शेवटी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो.

या सगळ्या तपासणीत बैलाच्या आईनं दिवसाला किती दूध दिलं, हे सहसा कुणी विचारत नाही. कंधारी आणि बरीचशी देवणीसुद्धा आपण 'गाईची जात' म्हणून बघतो, पण या जाती घडल्या त्या बैलासाठी. तडकणारी, पावसात चिकटणारी काळी जमीन, जुन्या काळी तिच्यात फिरणारा आठ बैली नांगर, माळ्यापर्यंत भरलेली गाडी, यांना पुरा पडेल असा बैल देणारी गाय ती चांगली गाय. दूध हे वासराचं पोट भरून उरलं तर घरासाठी. देवणीला दुहेरी उपयोगाची जात म्हणतात, कंधारीला मुख्यतः ओढकामाची. एका वेताचं, म्हणजे एकदा व्याल्यापासून आटेपर्यंतचं, सरासरी दूध बघा: देवणीचं साधारण 850 ते 900 किलो, लाल कंधारीचं 600 किलोच्या आसपास. चांगल्या गोठ्यातली संकरित होल्स्टिन एका वेतात अडीच-तीन हजारांच्या पुढे सहज जाते. हा फरक बघून देशी गाय 'कमी प्रतीची' म्हणणं म्हणजे बैलगाडीला मोटारसायकलच्या वेगाचे गुण देणं आहे.

महाराष्ट्रातल्या इतर जाती बघितल्या की हे आणखी ठळक होतं. नाशिक आणि नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात धो धो पावसात भातखाचरं चिखलायची असतात. तिथल्या डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पाणी अंगावर ठरत नाही, आणि खूर काळे, कठीण. माणदेश आणि सोलापूरकडच्या कोरड्या माळावर वेगानं लांब पल्ला तोडायचा होता, तिथं सडपातळ, लांब शिंगांची, तडफदार खिलार घडली. वर्ध्याकडची गवळाऊ हलक्या पायाची, दुडकी चालणारी. डांगी मराठवाड्याच्या उन्हात आणली किंवा खिलार इगतपुरीच्या पावसात नेली, तर दोघींचेही हाल.

या सगळ्या जाती वशिंडवाल्या कुळातल्या. युरोपातल्या होल्स्टिन आणि जर्सी बिनवशिंडाच्या दुसऱ्या कुळातल्या. दोन्ही कुळांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते आणि माणसानं त्यांना माणसाळवलंही दोन वेगळ्या ठिकाणी: बिनवशिंडाच्या गाई पश्चिम आशियात, वशिंडाच्या गाई सिंधूच्या खोऱ्याच्या परिसरात, आजच्या बलुचिस्तानातल्या मेहेरगढकडे, सुमारे 8,000 वर्षांपूर्वी. प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 मध्ये सापडलेल्या काशाच्या रथाला जुंपलेली बैलजोडी पाहिली की या नात्याचं वय लक्षात येतं.

वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी. त्यात पाणी साठत नाही. उंटाच्या मदारीतही नसतं, पण तो विषय वेगळा. गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीमुळे जनावर थंड राहतं, असं पुस्तकांतही लिहिलेलं असतं. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत संशोधकांनी लाल सिंधी जनावरांचं वशिंड आणि पोळी शस्त्रक्रिया करून काढून पाहिली, तेव्हा ऊन सोसण्याच्या ताकदीत फारसा फरक पडला नाही. खरं गुपित डोळ्यांना न दिसणारं आहे. देशी गुरांच्या घामग्रंथी आकारानं मोठ्या आणि संख्येनं जास्त असतात. केस आखूड, गुळगुळीत आणि अंगाला चिकटलेले. अनेक पांढऱ्या जातींत केस पांढरे आणि खालची कातडी काळी असते, म्हणजे वरून ऊन परतवायचं आणि आत आलंच तर अतिनील किरणांना रंगद्रव्यानं अडवायचं. सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या शरीरात मुळात उष्णताच कमी तयार होते.

दुधाचा आणि उष्णतेचा हा संबंध नीट समजून घ्यावा. गाईच्या पोटात जिवाणू चारा आंबवतात, त्या आंबवण्यातून उष्णता निघते. जास्त दूध हवं तर जास्त खाणं, आणि जास्त खाणं म्हणजे पोटात मोठी भट्टी. भरपूर दूध देणारी होल्स्टिन त्यामुळे 25 अंशांच्या पुढेच ताण घ्यायला लागते. तापमान आणखी चढलं की धापा टाकते, वैरण सोडते, दूध आटवते, गाभण राहायला कुरकुरते. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. दुधात 87 टक्के पाणी, म्हणजे दूध हवं तर पाणीही हवं. आणि लातूरला प्यायचं पाणी 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. पंखे, फवारे, हिरवा चारा आणि हातात पैसा असेल तर संकरित गाय जरूर परवडते, कित्येकांचे संसार तिच्यावर उभे राहिले आहेत. नसेल तर कर्ज काढून घेतलेली गाय उन्हाळ्यात पोसायची कशी, हा प्रश्न हमखास येतो. गोचीड आणि गोचिडातून होणाऱ्या तापाच्या बाबतीतही देशी जनावर जास्त काटक. लंपी या त्वचारोगानं मात्र 2022 मध्ये महाराष्ट्रात देशी-संकरित दोघांनाही गाठलं, तेव्हा देशी म्हणजे निरोगीच असंही धरून चालू नये.

दोन्ही कुळांचे गुण एकत्र आणायचे म्हणून संकर. परभणीच्या कृषी विद्यापीठात होल्स्टिन आणि देवणी यांच्या संकरातून 'होलदेव' गाई तयार झाल्या, राहुरीला होल्स्टिन, जर्सी आणि गीर मिळून 'फुले त्रिवेणी'. पहिल्या पिढीत संकराचा जोम असतो, वासरू दोन्ही आईबापांच्या सरासरीपेक्षा सरस निघतं. घोटाळा त्यानंतर होतो. त्या कालवडीला पुन्हा होल्स्टिन भरलं की परदेशी रक्त 75 टक्के, तिच्या लेकीला पुन्हा भरलं की 87.5 टक्के. दूध वाढेल या आशेवर हे चालू राहतं आणि एका टप्प्यावर गोठ्यात जवळपास युरोपातली गाय उभी असते, ऊन मात्र मराठवाड्याचं. म्हणून आपल्याकडे परदेशी रक्त 50 ते 62.5 टक्क्यांवर थांबवावं असा सल्ला दिला जातो. अशा संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरतंच. जू खांद्यावर ठरत नाही आणि अकरा वाजता तो जिभ काढतो.

ए-टू दुधाबद्दल दोन वाक्यं, कारण हल्ली त्याच नावावर दुपटीनं भाव लावतात. दुधातल्या बीटा-केसीन प्रथिनाच्या साखळीत 67 व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे, एवढाच ए-वन आणि ए-टूमधला फरक. देशी गाईंत बहुतेक सगळ्या ए-टू हे खरं, पण म्हशीही ए-टूच आहेत आणि कित्येक होल्स्टिनही. ए-वन दुधामुळे आजार होतात असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं 2009 मध्ये पुरावे तपासून सांगितलं होतं. देवणी राखायची तर कारणं दुसरी आहेत.

ती कारणं आता आटत चालली आहेत, ही खरी अडचण. ज्या बैलासाठी या जाती घडल्या त्याचं काम ट्रॅक्टरनं घेतलं. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशात परदेशी आणि संकरित गाईगुरं सुमारे 27 टक्क्यांनी वाढली, देशी आणि गावरान 6 टक्क्यांनी घटली. गावात वळू उरला नाही की उरलेल्या देवणी गाईही मिळेल त्या वीर्यमात्रेवर भरल्या जातात आणि जात आपोआप विरघळते. आता निवड करायची ती बैलाच्या खांद्याबरोबर आईच्या दुधावरही. लातूर-नांदेडच्या गोठ्यांत दोन-तीन देवणी एकाच चाऱ्यावर असूनही त्यांच्या दुधात बराच फरक आढळतो. नोंद ठेवून, जास्त देणारीचा गोऱ्हा वळू म्हणून राखला तर जातीबाहेर न जाता दूध वाढवता येतं. वेळ लागतो, कारण वळू कसा निघाला हे त्याच्या लेकी व्याल्यावरच कळतं.

ज्याच्या दावणीला चांगली देवणी किंवा कंधारी आहे त्यानं एक व्यवहार सांभाळावा. देशी गाईचा माज, म्हणजे ती भरवायला तयार असण्याचा काळ, बिनवशिंडाच्या गाईपेक्षा कमी वेळ टिकतो आणि मुकाही असतो; ती हंबरत नाही, नुसती खाणं कमी करते, योनीतून चिकट सोट गळतो, शेपटी वारंवार उचलते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या घाईत डॉक्टरांकडच्या उणे 196 अंशांच्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये देवणीच्या वीर्याची कांडी नसेल तर होल्स्टिनची भरली जाते. म्हणून कांडी माज येण्याआधी सांगून ठेवायची, आणि भरताना तिच्यावर छापलेली जात आणि वळूचा क्रमांक वाचून गोठ्याच्या वहीत उतरवून घ्यायचा.