तेरीज आणि ताळेबंद: बेरजा दोन्हीकडे जुळतात, काम मात्र वेगळं

अकरावी कॉमर्सच्या पुस्तपालनात खतावणी (प्रत्येक खात्याचा हिशेब ठेवणारी वही) संपता संपता तेरीज येते आणि वर्ष सरत आलं की अंतिम लेख्यांबरोबर (वर्षअखेरच्या हिशेबांबरोबर) ताळेबंद. बारावीत तर पहिलाच धडा भागीदारी संस्थेच्या अंतिम लेख्यांचा, म्हणजे पुन्हा एका हातात तेरीज आणि दुसऱ्या हातात ताळेबंद. दोन्हीला दोन बाजू, दोन्हीच्या तळाशी बेरीज, आणि दोन्हीकडे ती जुळायलाच हवी. त्यामुळे दोन्ही एकच असल्याचा समज पक्का होतो आणि परीक्षेत ‘ताळेबंद म्हणजे हिशेब तपासण्याचा तक्ता’ असं सर्रास लिहिलं जातं.

हा घोळ काही अंशी शब्दामुळेच होतो. प्राथमिक शाळेपासून आपण ‘भागाकाराचा ताळा करून बघ’ हे ऐकत आलो आहोत. ताळा म्हणजे पडताळणी, मग ताळेबंद म्हणजेही पडताळणीच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पुस्तपालनात पडताळणीचं काम तेरीज करते. तेरीज हा जुना, पेशवे दफ्तरातही भेटणारा शब्द. अर्थ गोषवारा. खतावणीतल्या प्रत्येक खात्याची शिल्लक एका कागदावर उतरवायची, नावे (डेबिट) शिल्लक एका रकान्यात आणि जमा (क्रेडिट) शिल्लक दुसऱ्यात, आणि दोन बेरजा ताडून पाहायच्या. इथे तेरजेचं काम संपलं. धंदा कसा चालला आहे, याबद्दल ती काहीच बोलत नाही. ताळेबंद सांगतो एका ठरावीक दिवशी धंद्याकडे काय आहे आणि धंदा कोणाचं किती देणं लागतो.

आकड्यांनी पाहिलं की फरक लख्ख दिसतो. समजा, मालवणच्या बाजारात कोकणमेव्याचं एक छोटं दुकान आहे. काजूगर, आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला असा माल. ३१ मार्चला खतावणीतल्या शिलका अशा:

नावे: रोख १२,०००, बँक ३८,०००, आरंभीचा साठा ६०,०००, खरेदी ३,२०,०००, आवक गाडीभाडे १०,०००, दुकानभाडे ३३,०००, पगार ६६,०००, फर्निचर ५०,०००, ऋणको (ज्यांच्याकडून येणं आहे ते) ३४,०००, उचल (मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम) ३७,०००. एकूण ६,६०,०००.

जमा: भांडवल १,५०,०००, विक्री ४,८०,०००, धनको (ज्यांचं देणं आहे ते) ३०,०००. एकूण ६,६०,०००.

तेरीज जुळली. तेरा खाती, दोन बेरजा. आता तीन गोष्टी तेरजेच्या बाहेरच्या, म्हणजे समायोजना. ३१ मार्चला मोजलेला अखेरचा साठा ८५,००० रुपयांचा. दुकानभाडं महिना ३,०००, पण ते अकराच महिन्यांचं दिलेलं, म्हणजे ३,००० अदत्त (द्यायचे राहिलेले). आणि फर्निचरवर १० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत), ५,०००.

व्यापार खात्यात आरंभीचा साठा, खरेदी आणि आवक गाडीभाडं मिळून ३,९०,००० नावे. विक्री आणि अखेरचा साठा मिळून ५,६५,००० जमा. ढोबळ नफा १,७५,०००. त्यातून पूर्ण वर्षाचं भाडं ३६,०००, पगार ६६,००० आणि घसारा ५,००० वजा केले की निव्वळ नफा ६८,०००. भांडवल १,५०,००० अधिक नफा ६८,००० वजा उचल ३७,००० म्हणजे १,८१,०००.

मग ताळेबंद. देण्याच्या बाजूला भांडवल १,८१,०००, धनको ३०,०००, अदत्त भाडं ३,०००; बेरीज २,१४,०००. संपत्तीच्या बाजूला रोख १२,०००, बँक ३८,०००, ऋणको ३४,०००, अखेरचा साठा ८५,०००, फर्निचर ४५,०००, बेरीज २,१४,०००.

तेरजेची बेरीज ६,६०,००० आणि ताळेबंदाची २,१४,०००. हा फरक पाहून बरेच विद्यार्थी घाबरतात आणि बरोबर सोडवलेलं गणित खोडतात. या दोन बेरजांनी एकमेकींशी जुळण्याचं काहीच कारण नाही. तेरजेतल्या तेरा खात्यांपैकी सहा (आरंभीचा साठा, खरेदी, गाडीभाडं, दुकानभाडं, पगार, विक्री) व्यापार आणि नफा-तोटा खात्यांत जाऊन संपली. त्यांचा अर्क म्हणजे ६८,००० रुपयांचा नफा, आणि तोही भांडवलात मिसळला. ताळेबंदापर्यंत पोचली ती उरलेली सात खाती. शिवाय अखेरचा साठा आणि अदत्त भाडं ही दोन नावं तेरजेत नव्हतीच. ती ताळेबंदात नव्याने आली. म्हणून ताळेबंद म्हणजे ‘तेरजेची सुधारित प्रत’ हेही खरं नाही. मध्ये अख्ख्या वर्षाच्या उत्पन्न-खर्चाचा निकाल लागलेला असतो.

बाजूंचाही गोंधळ होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. फर्निचर, रोख, ऋणको तेरजेत डावीकडे, नावे रकान्यात होते. ताळेबंदाच्या आपल्याकडच्या आडव्या नमुन्यात देणी डावीकडे आणि संपत्ती उजवीकडे लिहितात, त्यामुळे तीच खाती उजवीकडे जातात. ‘नावे शिल्लक म्हणजे डावी बाजू’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी इथे फसतो. ताळेबंद हे खातं नाही, ते पत्रक आहे. त्याच्या बाजूंना नावे-जमा म्हणायचंच नाही. मथळ्यातही हे दिसतं. नफा-तोटा खात्यावर ‘३१ मार्च रोजी संपणाऱ्या वर्षाचे’ असं लिहितात, ताळेबंदावर मात्र ‘३१ मार्च रोजीचा’. एकात काळ मोजला जातो, दुसऱ्यात क्षण टिपला जातो.

कोकणात या ‘क्षणाला’ फार महत्त्व आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि हापूसचा मोसम तेव्हा कुठे भरात येत असतो. ऐन मोसमाच्या तोंडावर आंबा व्यापाऱ्याच्या ताळेबंदात पेट्यांचं लाकूड, औषध फवारणीची उधारी आणि बागायतदारांना दिलेल्या आगाऊ रकमा दिसतात. तोच ताळेबंद १५ जूनला काढला तर साठा जवळपास शून्य आणि बँकेत रक्कम, किंवा वाशीच्या व्यापाऱ्याकडून मोठं येणं. धंदा तोच, चित्र वेगळं. तेरीज मात्र दोन्ही दिवशी काढली तरी जुळायला हवी, आणि जुळण्यापलीकडे तिच्याकडून काही कळत नाही.

३१ मार्चला वाशीच्या अडत्याकडे (दलालीवर माल विकून देणाऱ्याकडे) पाठवलेल्या पेट्यांचं काय करायचं, हा इथला नेहमीचा प्रश्न. पेट्या विकल्या गेल्या असतील आणि फक्त पट्टी (विक्रीचा हिशेब) यायची असेल, तर ते येणं आहे, ऋणको. पेट्या अजून पडून असतील, तर माल अजूनही पाठवणाऱ्याचाच आहे. तो स्वतःच्या साठ्यात, खरेदीच्या किमतीला आणि तिथवर नेण्याच्या खर्चासह धरायचा. गाडी भरून निघाली म्हणजे विक्री झाली, असं समजून नोंद केली की न मिळालेला नफा खात्यात दिसू लागतो. तेरीज त्यावर एक शब्दही काढणार नाही. खरा साठा किती, याचा निर्णय ताळेबंद करतानाच घ्यावा लागतो.

साठ्याच्या किमतीचंही तसंच. खरेदीची किंमत आणि विकून मिळू शकणारी किंमत यांतली जी कमी ती घ्यायची. समजा, ४०० रुपये किलोने घेतलेली १० किलो आमसुलं पावसात ओल धरल्यामुळे आता २५० रुपयांनीच जातील. ती साठ्यात २,५०० रुपयांची. ४,००० लिहिली तर नफा १,५०० रुपयांनी फुगेल. त्यासाठी बरण्या उघडून, माल हाताने चाचपून पाहावा लागतो. तेरजेसाठी दुकानात पाऊल टाकायचीही गरज नसते, खतावणी पुरते.

आता तेरीज जुळत नसेल तर. यात धीर धरून शोधलं तर वेळ वाचतो, आणि शोधण्याला क्रम आहे. आधी दोन्ही रकाने पुन्हा बेरजून पाहा, या वेळी खालून वर. फरक १०, १०० किंवा १,००० असा गोल असेल तर तो बहुतेक वेळा हातच्याचा असतो. मग फरकाची रक्कम खतावणीत शोधा. एखादी शिल्लक उतरवायचीच राहिली असेल तर फरक नेमका तेवढाच येतो. मग फरकाला दोनने भागा. आपल्या दुकानात धनको ३०,००० चुकून नावे रकान्यात गेले, तर नावे ६,९०,००० आणि जमा ६,३०,०००, फरक ६०,०००. त्याचं निम्मं ३०,००० खतावणीत सापडतं. मग नऊने भागून पाहा. ५,४०० ऐवजी ४,५०० लिहिलं की फरक ९००. ३४,००० चं ३,४०० झालं की फरक ३०,६००. दोन्हींना नऊने पूर्ण भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली किंवा शून्य गळलं. यातूनही फरक सुटला नाही तरच सहायक पुस्तकांकडे (खरेदी पुस्तक, विक्री पुस्तक अशा मूळ नोंदींच्या वह्यांकडे) वळायचं आणि तोपर्यंत तो सस्पेन्स खात्यात ठेवायचा. सस्पेन्स खातं म्हणजे तात्पुरती सोय. चूक सापडली की ते बंद व्हायलाच हवं.

पण तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर, असं मानून पुढे जाणं ही याहून मोठी चूक. काजूगराच्या ठोक व्यापाऱ्याचं बिल १८,६०० रुपयांचं होतं आणि खरेदी पुस्तकात १६,८०० लिहिलं गेलं, असं धरा. खरेदी १,८०० ने कमी, व्यापाऱ्याचं खातंही १,८०० ने कमी. नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या, म्हणून तेरीज निर्धास्त जुळते. व्यापाऱ्याने पैसे मागितले आणि बिल पुढे केलं की मगच उघड होतं. पूर्ण विसरलेली उधारीची विक्री, एकाच आडनावाच्या दोन गिऱ्हाइकांपैकी भलत्याच्या खात्यात गेलेली रक्कम, एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका, यांपैकी काहीच तेरजेला दिसत नाही.

सगळ्यांत घातक चूक तत्त्वाची. दुकानासाठी वर्षाच्या सुरुवातीला ८,००० रुपयांचं रॅक घेतलं आणि ते फर्निचर खात्याऐवजी खरेदी खात्यात टाकलं. दोन्ही खाती नावे बाजूचीच, त्यामुळे तेरजेला धक्काही लागत नाही. पण व्यापार खात्यात ८,००० जादा खर्च पडला. योग्य नोंद केली असती तर या वर्षी फक्त ८०० रुपये घसारा बसला असता. म्हणजे नफा ७,२०० ने कमी दिसतो, भांडवल तेवढंच कमी, फर्निचरही तेवढंच कमी. ताळेबंदसुद्धा जुळतो! दोन्ही पत्रकं जुळून हिशेब चुकलेला असू शकतो, हे विद्यार्थ्यांना अकरावीतच कळायला हवं. त्यासाठी एकच उपाय: खात्याचं नाव लिहिण्याआधी ‘ही वस्तू विकण्यासाठी आणली की वापरण्यासाठी?’ असं विचारायचं.

आणि तेरीज जुळलेली असून ताळेबंद जुळत नसेल तर? मग तेरजेत परत जाऊ नका. चूक मधल्या टप्प्यावर आहे आणि बहुतेक वेळा ती समायोजनेत सापडते. नियम असा की तेरजेत दिलेली रक्कम अंतिम लेख्यांत एकदाच येते आणि तेरजेखाली दिलेली समायोजना दोनदा. अखेरचा साठा व्यापार खात्यातही आणि संपत्तीतही. अदत्त भाडं खर्चातही आणि देण्यातही. घसारा नफा-तोट्यातही आणि फर्निचरमधून वजाही. यांतला एक परिणाम राहिला की फरक नेमका तेवढ्या रकमेचा. वरच्या उदाहरणात अदत्त भाडं खर्चात धरलं पण देण्यात लिहायचं राहिलं, तर डावीकडे २,११,००० आणि उजवीकडे २,१४,०००. उलट, घसारा फर्निचरमधून वजा केला पण नफा-तोट्यात टाकला नाही, तर नफा ७३,००० होतो आणि देण्याची बाजू २,१९,००० वर जाते.

एक खाचखळगा मात्र आहे. कधी कधी गणितात अखेरचा साठा तेरजेतच दिलेला असतो. याचा अर्थ तो खरेदीतून आधीच वजा झालेला आहे. मग तो व्यापार खात्यात पुन्हा घ्यायचा नाही, फक्त ताळेबंदात संपत्ती म्हणून दाखवायचा. आरंभीच्या साठ्याचं उलट: तो व्यापार खात्यातच संपतो, ताळेबंदात त्याला जागा नाही. तो सवयीने संपत्तीत लिहिला तर आपल्या दुकानाचा ताळेबंद ६०,००० ने फसेल. उचल विसरली तर फरक ३७,०००. वजा करायची ती मिळवली तर ७४,०००. म्हणून ताळेबंदातला फरक दिसला की तो आधी समायोजनांच्या आकड्यांशी ताडायचा, मग उचलीशी, मग उचलीच्या दुपटीशी. उत्तरपत्रिकेत तो फरक ‘इतर देणी’ असं नाव देऊन कधीही मिटवू नका.